अवतरणचिन्हं कोणी द्यायची?

गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला ऑफिसमधून फोन. "सर, पुण्याचा एसटीडी कोड सोळा दिसतोय." आधी हसलो. मग लॅपटॉप उघडला आणि हसू पळालं.

टेम्प्लेटमधली ओळ साधी होती. नाव, कोलन आणि पुढे उघडंबोडकं व्हेरिएबल. त्यात ०२०. फाइल यॅमलची, वाचणारी पायथॉनची पायवायॅमल. ही बाई अजून २००५ चं यॅमल १.१ पाळते, आणि तिथे शून्याने सुरू होणारा आकडा म्हणजे ऑक्टल! पुणे झालं १६, मुंबईचं ०२२ झालं १८, नागपूरचं ०७१२ झालं ४५८. लातूर तेवढं सहीसलामत. ०२३८२ मध्ये ८ आहे, ऑक्टलमध्ये ८ नसतो, म्हणून ते स्ट्रिंगच राहिलं. आणि आम्ही टेस्ट कशावर केली होती? लातूरवर. (कपाळावर हात!)

लगेच शहाणे म्हणणार, "कोट द्यायला काय झालं होतं?" मंडळी, ०२० मी हाताने लिहिला असता तर दिला असता. इथे लिहिताना मला फक्त व्हेरिएबलचं नाव दिसतं. किंमत दिसते ती टूलला. मग कोट कोणी द्यायचे? आणि मी दिले, पण किंमतीतच एखादं अवतरणचिन्ह निघालं की फाइल मोडलीच. हेल्ममध्ये त्यासाठी फंक्शन आहे, पण ते दर वेळी आठवणीने लिहायचं!

"यॅमल १.२ वापरा." ते २००९ मध्ये आलं, कबूल. नॉर्वेचा देशकोड 'एनओ' त्यात 'नाही' होत नाही. पण ०२० चे २० होतात. शून्य गेलं ते गेलंच, वर लातूरही गेलं.

माझं म्हणणं एवढंच: व्हेरिएबल आलं की टूलने ते आपणहून स्ट्रिंग म्हणून, नीट एस्केप करून लिहावं. ज्याला पोर्टसाठी आकडा हवा त्याने तसं सांगावं. कोट जास्त पडला तर बहुतेक वेळा तोंडावर एरर येते. कमी पडला तर काहीच येत नाही, फक्त चुकीचा कोड गुपचूप पुढे जातो. जँगोने २००८ मध्ये १.० काढताना एचटीएमएलचं एस्केपिंग डीफॉल्ट ठेवलंच ना? कोणाचं काय बिघडलं?

असो. 'लक्षात ठेवा' हा काही डिझाइनचा भाग नव्हे. आमच्या टेम्प्लेटमध्ये आता सगळीकडे कोट आहेत... पुढचा नवा माणूस विसरेपर्यंत.