विश्लेषण : दगडापेक्षा वीट मऊ... पण मतपेटीला ते कळते का?

अध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार मनातून उतरलेले असले, तरी बहुतेक अमेरिकी मतदार अखेर आपल्याच पक्षाच्या नावापुढे खूण करतात. ही आंधळी पक्षनिष्ठा असते की हिशेब? तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते का? आणि नाराजी दाखवायची खरी जागा कोणती?

२०१६ मध्ये काय घडले?

डोनाल्ड ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्यातील लढत ही जनमत चाचण्यांच्या इतिहासातील सर्वात नावडत्या उमेदवारांची लढत मानली गेली. मतदानोत्तर चाचणीत ६० टक्के मतदारांनी ट्रम्प यांच्याबद्दल, तर ५५ टक्के मतदारांनी क्लिंटन यांच्याबद्दल प्रतिकूल मत नोंदवले. १८ टक्के मतदारांना दोघेही नापसंत होते. असे असूनही सुमारे नव्वद टक्के रिपब्लिकन मतदारांनी ट्रम्प यांना आणि तितक्याच डेमोक्रॅटिक मतदारांनी क्लिंटन यांना मत दिले. वर्षभर ज्या नाराजीची चर्चा झाली, ती मतदानाच्या दिवशी पक्षाच्या चौकटीबाहेर फारशी पडलीच नाही.

निकाल फिरवला तो दोघेही नकोसे असलेल्या त्या १८ टक्क्यांनी. त्यांच्यातील ४७ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले, ३० टक्के क्लिंटन यांच्याकडे, उरलेले इतरत्र. देशभरात क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते अधिक मिळाली. पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी त्या मागे पडल्या आणि अध्यक्षपद गेले.

नावडत्या उमेदवाराला मत देण्यामागचा हिशेब कोणता?

टेड क्रूझ यांचा त्या वर्षीचा प्रवास पाहिला की हा हिशेब समजतो. प्रचारात ट्रम्प यांनी क्रूझ यांच्या पत्नीची आणि वडिलांचीही नालस्ती केली होती. जुलैमध्ये क्लीव्हलँडच्या पक्ष अधिवेशनात क्रूझ यांनी ट्रम्प यांना पाठिंबा न देता मतदारांना सद्सद्विवेकाने मत देण्यास सांगितले, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. सप्टेंबरमध्ये त्याच क्रूझ यांनी आपले मत ट्रम्प यांनाच असल्याचे जाहीर केले. त्यासाठी दिलेल्या कारणांत पहिले होते सर्वोच्च न्यायालय.

न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे फेब्रुवारी २०१६ मध्ये निधन झाले होते. बराक ओबामा यांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांच्या नावावर सिनेटमधील रिपब्लिकन बहुमताने सुनावणीच घेतली नाही. त्यामुळे ती जागा कोण भरणार, हे नोव्हेंबरच्या निकालावर ठरणार होते. ट्रम्प यांनी आपण कोणत्या न्यायाधीशांचा विचार करू, याची यादीच जाहीर केली. त्यांचे वर्तन न रुचणाऱ्या धार्मिक मतदारांना ती यादी पुरेशी ठरली. गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी सुमारे ८० टक्के त्यांच्या मागे उभे राहिले.

हा सौदा फळालाही आला. पहिल्या कार्यकाळात ट्रम्प यांनी तीन न्यायमूर्ती नेमले आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी घटनात्मक अधिकार रद्द केला. म्हणजे नाक दाबून मत देणारा हा मतदार अडाणी नव्हता. व्यक्ती चार वर्षांची, न्यायमूर्ती तहहयात, हे गणित त्याने नीट मांडले होते. डेमोक्रॅटिक बाजूलाही हेच गणित असते. कायदे, नेमणुका आणि करांची धोरणे पक्षाबरोबर येतात, उमेदवाराच्या स्वभावाबरोबर नव्हे.

मग तिसऱ्याला दिलेले मत वाया जाते का?

ते कोणत्या राज्यात दिले, यावर अवलंबून आहे. बहुतेक राज्यांत सर्वाधिक मते घेणाऱ्या उमेदवाराला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते मिळतात. त्याला ५० टक्के मते मिळण्याचीही गरज नसते. ही पद्धत असेपर्यंत तिसऱ्या उमेदवाराला दिलेल्या मताचा अर्थ मतदार नव्हे, तर राज्यातील चुरस ठरवते.

युटाचे उदाहरण घ्या. मॉर्मन बहुसंख्येच्या या राज्याने २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांना सुमारे ७३ टक्के मते दिली होती. २०१६ मध्ये ट्रम्प यांना तेथे ४५.५ टक्केच मते मिळाली, तर अपक्ष इव्हान मॅकमुलिन यांना २१.५ टक्के. निषेध एवढा मोठा होता. तरी राज्याची सहाही इलेक्टोरल मते ट्रम्प यांनाच गेली. रिपब्लिकनांसाठी सुरक्षित राज्यात नाराजीला परिणामाची भीती नव्हती, आणि परिणामही नव्हता.

मिशिगनमध्ये मात्र ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनी ५१ हजारांवर मते घेतली. विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियातही स्टाइन यांची मते ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त होती. यावरून स्टाइन यांनी क्लिंटन यांना पाडले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यांचे अनेक मतदार एरवी घरीच बसले असते आणि उजवीकडे झुकणाऱ्या लिबर्टेरियन गॅरी जॉन्सन यांनी देशभर त्याहून कितीतरी अधिक मते घेतली होती. फ्लोरिडात २००० साली जॉर्ज बुश ५३७ मतांनी जिंकले आणि राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते पडली, तेव्हापासून हा वाद चालू आहे. वाद मिटत नाही, कारण मतपत्रिकेवर दुसरी पसंती विचारलेलीच नसते. मेनने पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारून २०२० मध्ये प्रथमच अध्यक्षीय निवडणुकीत वापरली. अशा पद्धतीत आवडता उमेदवार बाद झाला, तर मत पुढच्या पसंतीकडे जाते. बहुतेक अमेरिकी मतदारांना ही सोय नाही.

‘यांपैकी कोणी नाही’ हा पर्याय तरी उपयोगी आहे का?

आपल्या ‘नोटा’सारखा पर्याय नेवाडा राज्यात १९७० च्या दशकापासून आहे. २०१६ मध्ये तेथे २८,८६३ मतदारांनी तो निवडला, तर क्लिंटन यांची आघाडी होती २७,२०२. दोघांमधील अंतरापेक्षा दोघांना नाकारणारे जास्त. पण निकालावर शून्य परिणाम. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेवाडातील रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांचे नाव नव्हते, तर निकी हेली यांना या ‘कोणी नाही’नेच दुपटीहून अधिक मतांनी हरवले. कायद्याने तरीही विजय उमेदवाराचाच धरला जातो.

भारतात २०१३ पासून मतदान यंत्रावर आलेल्या ‘नोटा’चीही स्थिती विधानसभा, लोकसभेत अशीच आहे. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ साली ‘नोटा’ने २७ हजारांवर मते घेऊन दुसरा क्रमांक पटकावला, पण निकालात त्याला स्थान नव्हते. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता त्याला दात दिला : ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक. नकाराला परिणाम जोडला, तरच पक्ष उमेदवारी देताना त्याची धास्ती घेतील, हा त्यामागचा विचार अमेरिकी मतदारापर्यंत पोहोचलेला नाही.

पक्षनिष्ठेची किंमत कोण मोजते?

न्यायमूर्तींसाठी मत देणाऱ्याचा हिशेब बरोबर होता; पण त्यात एक रकाना सुटला. मतपेटीला अनिच्छा कळत नाही. आनंदाने दिलेले मत आणि दात-ओठ खात दिलेले मत, दोन्ही एकच मोजले जाते. जिंकलेला उमेदवार त्या साऱ्याला आपला कौल म्हणतो, आणि पक्ष त्याच्याकडे सरकत जातो.

ट्रम्प यांना उघड विरोध करणाऱ्या रिपब्लिकनांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक यांनी २०१६ मध्ये मतपत्रिकेवर जॉन मकेन यांचे नाव लिहिले. त्यांना पक्षात पुढे स्थान उरले नाही. रॉम्नी यांनी २०२४ मध्ये सिनेटची निवडणूक पुन्हा लढवली नाही. लिझ चेनी २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्रायमरीत मोठ्या फरकाने पडल्या. याच चेनी ऑक्टोबर २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्यासह विस्कॉन्सिनमधील रिपन येथे, रिपब्लिकन पक्षाच्या जन्मगावी, प्रचाराला उभ्या राहिल्या. मतदानोत्तर चाचणीनुसार तरीही ९४ टक्के रिपब्लिकनांनी ट्रम्प यांनाच मत दिले. आठ वर्षांपूर्वीची कुरकुर विरली होती. नाइलाजाने दिलेले मत पुन्हा पुन्हा दिले की त्याची सवय होते.

उलट बाजूची किंमतही खरी आहे. मिशिगनमधील डिअरबॉर्न या अरबबहुल शहराने २०२० मध्ये जो बायडेन यांना दोनतृतीयांशांहून अधिक मते दिली होती. गाझातील युद्धामुळे डेमोक्रॅटिक पक्षावर रागावलेल्या या शहरात २०२४ मध्ये ट्रम्प ४२ टक्के, हॅरिस ३६ टक्के आणि स्टाइन सुमारे १८ टक्के असा निकाल लागला. पक्षाला धडा शिकवण्याची इच्छा समजण्यासारखी होती. पण त्या धड्यातून मिळालेला अध्यक्ष गाझाबद्दल त्या मतदारांच्या बाजूचा नव्हता.

नाराजी दाखवायची जागा कोणती?

ती जागा नोव्हेंबर नव्हे, प्रायमरी. २०१६ मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रायमऱ्यांत मिळून सुमारे ६ कोटी मतदार आले. नोव्हेंबरमध्ये १३ कोटी ६० लाखांहून अधिक. म्हणजे नोव्हेंबरमध्ये मत देणाऱ्या निम्म्याहून अधिक मतदारवर्गाने ते दोघे ठरवताना भागच घेतला नव्हता. साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांनी ३२.५ टक्के मतांवर राज्याचे सर्व ५० प्रतिनिधी मिळवले, कारण विरोधी मते पाच जणांत विखुरली होती. प्रायमऱ्या संपेपर्यंतही त्यांच्या एकूण मतांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपासच होता. अडवण्याची वेळ ती होती.

प्रायमरीतील निषेध परिणाम घडवतोच, असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखावर मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ हा पर्याय निवडून बायडेन यांच्या गाझा धोरणाचा निषेध केला. धोरण त्याने बदलले नाही. पण त्या मताचा अर्थ लावताना कोणालाही अडचण आली नाही. ते कोणाविरुद्ध, कशासाठी आणि किती, हे दुसऱ्या दिवशी स्पष्ट होते. त्यातून प्रतिस्पर्धी पक्षाचा फायदाही झाला नाही. नोव्हेंबरमधील निषेधाच्या मताला हे तिन्ही गुण नसतात.

यात एक अडचण आहे. न्यू यॉर्क, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. दोन्ही पक्षांना कंटाळलेला स्वतंत्र मतदार नेमका तेथेच दाराबाहेर राहतो. म्हणून पक्षाबद्दल शंका असलेल्यांनीच पक्षात नाव नोंदवावे, हे विचित्र वाटले तरी व्यवहारी आहे.

पुढची अध्यक्षीय निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये होईल. घटनेच्या २२ व्या दुरुस्तीनुसार ट्रम्प तिसऱ्यांदा निवडून येऊ शकत नाहीत, त्यामुळे दोन्ही पक्षांत उमेदवारी खुली असेल. दगड की वीट, असा प्रश्न नोव्हेंबरमध्ये आला, तर वीट उचलणे शहाणपणाचेच. पण दोन्ही पाट्यांत काय भरले जाणार, हे त्याआधीच्या हिवाळ्यात आणि वसंतात ठरते. तेव्हा घरी बसलेल्या मतदाराची नोव्हेंबरमधील तक्रार खरी असते, मात्र ती ऐकून घ्यायला तोवर कोणी उरलेले नसते.