नाव फुकट, भाडे पुढे

नाव ही आपल्याकडे मोठ्या कष्टाने मिळवायची वस्तू. ते कमवावे लागते, राखावे लागते. आणि एवढे करूनही लोक नावे ठेवतात ते निराळेच! हल्ली मात्र नाव फुकट मिळते. दिवाळीच्या जाहिराती पाहा : अमुक रुपयांची खरेदी करा, संकेतस्थळाचे नाव मोफत.

आमच्या कुरखेड्यात माझा एक जुना विद्यार्थी मध आणि चारोळी विकतो. परवा तो हर्षभराने सांगत आला, "सर, दुकानाचं नाव फुकटात भेटलं जी! कॉम्प्युटरच्या खरेदीवर." ते नाव छापलेल्या पिशव्याही तो सांगणार होता.

मी म्हटले, "अरे, दोन गोष्टी आधी विचारून घे. दुसऱ्या वर्षी पैसे किती? आणि नोंद कोणाच्या नावावर?"

नोंद निघाली विकणाऱ्याच्या नावावर! पिशव्या थांबल्या.

हे फुकटपण तसे जुनेच. १९९५ पर्यंत 'डॉट कॉम' नावाला पैसे पडत नसत. त्या सप्टेंबरपासून पहिल्या दोन वर्षांचे शंभर डॉलर पडू लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने आपल्याकडील लहान व्यावसायिकांना 'डॉट इन' नाव मोफत देऊ केले, तेही एकाच वर्षापुरते. पॅसिफिकमधल्या चिमुकल्या टोकेलाऊ बेटांचे 'डॉट टीके' तर जगभर फुकट वाटले जाई. भामट्यांनीही ते इतके घेतले की नावाला बट्टा लागला. २०२३ मध्ये नवे वाटप थांबले. २०२४ मध्ये वाटणाऱ्या कंपनीने तो धंदाच सोडला.

खरे म्हणजे हे नाव विकत मिळतच नाही, भाड्याने मिळते; एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी. आमच्याकडे तेंदूपानांचा लिलाव हंगामापुरता होतो, झाडे काही ठेकेदाराची होत नाहीत, तसेच हे. बारशाला आत्या कानात नाव सांगते, मान घेते आणि मोकळी होते. दरवर्षी वसुलीला येत नाही. इथे मात्र भाडे चुकले आणि सवलतीचे दिवस उलटले, की तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग पिशवी आपली आणि गिऱ्हाईक परक्याच्या दारात!

चार खेटे घातल्यावर नोंद विद्यार्थ्याच्या नावावर झाली. त्याने पाच वर्षांचे पैसे एकदम भरले, मगच पिशव्या छापल्या.

वाचकहो, खरेदीत नाव फुकट मिळाले तर खुशाल घ्या. नोंदीत मात्र आपले नाव आहे ना, एवढे पाहा.