साखळीबरोबर येणारे ऋण

भटक्या कुत्र्यांना अन्न कोणी घालावे आणि कोठे घालावे, यावर २०२५ साली देशभर पुष्कळ वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या २२ ऑगस्टच्या आदेशात, स्थानिक संस्थांनी त्यासाठी ठरावीक जागा नेमून द्याव्यात, असे सांगितले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. ज्या कुत्र्याला धनी आहे आणि ज्याच्या गळ्यात पट्टा आहे, त्याच्या ताटात रोज काय पडते?

भंडारा जिल्ह्यापुरते या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईल: भात. सकाळी शिळा भात, रात्री उरलेला भात, आणि घरी कौतुक असले तर चहाबरोबर दोन बिस्किटे. धानाच्या या मुलुखात माणसाचे पोट ज्यावर भरते त्यावरच कुत्र्याचेही भरावे, हे स्वाभाविक आहे. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माणसाच्या बाबतीत आपण आता मान्य केले असले तरी दाराशी बांधलेल्या प्राण्याच्या बाबतीत अजून मान्य केलेले नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता, याचे कारण आपण अधिक दयाळू होतो हे नव्हे. त्या वेळी गावचे कुत्रे मोकळे असे. घरचा भात किंवा पेज ही त्याच्या जेवणाची अर्धी बाजू होती. उरलेली अर्धी ते स्वत: मिळवीत असे. धानाच्या बांधीतले उंदीर, मालगुजारी तलावाच्या पाळीवर ढीवरांनी टाकलेली माशांची डोकी आणि आतडी, गावाबाहेर पडलेले मेलेले जनावर यांवर त्याची मांसाची गरज भागत असे. ती व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. रोगराईने आणि उपासमारीने कितीतरी कुत्री अकाली मरत. आता कोका अभयारण्याच्या आसपास बिबट्याची भीती, राष्ट्रीय महामार्गावरची धावती वाहने, रेबीजची धास्ती आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांमुळे कुत्रे बांधून ठेवले जाते. ते बांधावे हे योग्यच आहे. पण साखळी घालताना आपण त्याच्या ताटातली दुसरी अर्धी बाजू काढून घेतली आणि ती भरून देण्याचे विसरलो.

यावर एक नवे मत अलीकडे ऐकू येते. कुत्रा म्हणजे मुळात लांडगा. त्याला भात-पोळी देणेच चूक, केवळ मांस द्यावे, असे ते मत आहे. शास्त्राने या मताला दुजोरा दिलेला नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज या विकराच्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. शेती करणाऱ्या माणसाच्या सहवासात राहून कुत्रा धान्य पचवू लागला, असा याचा अर्थ आहे. तेव्हा भात हा गुन्हेगार नव्हे. दोष आहे तो भाताच्या एकटेपणाचा.

थोडा हिशेब करून पाहावा. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी साधारणत: ५५० ते ७०० कॅलरी लागतात. अर्धा किलो शिजलेल्या भातातून त्या मिळतातही. कुत्रे तृप्त होऊन झोपते आणि धन्याचे समाधान होते. परंतु तेवढ्या भातातून मिळणारी प्रथिने जेमतेम १२-१३ ग्रॅम भरतात. पशुआहारातील प्रचलित प्रमाणकानुसार ती सुमारे ३० ग्रॅम हवीत. अंगावरचे केस विरळ होणे, कातडीला खाज सुटणे, पोट सुटूनही पाठीवर मांस नसणे, ही लक्षणे आपण ‘जातच तशी’ म्हणून सोडून देतो. पुष्कळदा त्यांचे मूळ या हिशेबात असते. पिलांच्या बाबतीत तर चूक आयुष्यभर पुरते. भातात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच थोडे असते आणि हाडे घडण्याच्या वयात हे प्रमाण बिघडले की पाय वाकतात. गंमत अशी की हाडाविना नुसत्या मटणावर लाडाने वाढविलेल्या पिलाचीही तीच गत होते, कारण मांसातही कॅल्शियमची तीच उणीव असते. गरिबाचा भात आणि श्रीमंताचे मटण, दोन्ही टोके शेवटी एकाच वाकड्या पायाशी येऊन मिळतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी दूरच्या बाजारात जावे लागत नाही. हा तलावांचा जिल्हा आहे. त्याच दहा किलोच्या कुत्र्याला ३०० ग्रॅम भात, १०० ग्रॅम उकडून काटे काढलेला मासा, एक उकडलेले अंडे, थोडा शिजवलेला भोपळा किंवा पालेभाजी आणि चमचाभर तेल दिले, तर शक्ती आणि प्रथिने यांचा ताळा जमतो. त्यावर वाळवून बारीक दळलेल्या अंड्याच्या टरफलाची सुमारे अर्धा चहाचा चमचा पूड घातली की कॅल्शियमची सोय होते. आठवड्यातून एकदा थोडे काळीज द्यावे. भात उसन्या तांदळाचा असेल तर अधिक चांगले, कारण उसना करताना ब-जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात. मासा आणि अंडे मात्र शिजवूनच द्यावे. गोड्या पाण्यातील काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि तो शिजविल्याने निकामी होतो. मासळी न शिवणाऱ्या घरांनी अंडी, डाळ आणि दही यांचा आधार घ्यावा. पिले, गाभण मादी आणि आजारी जनावर यांचे प्रमाण निराळे असते. ते पशुवैद्याकडूनच ठरवून घेणे उत्तम.

येथे उष्ट्याचाही विचार करावयास हवा. ताटातले उरलेले कुत्र्याला घालणे ही आपल्याकडे भूतदया समजली जाते. पण त्या उरलेल्यात कांदा-लसणाची फोडणी असते, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षे आणि मनुका त्याच्या मूत्रपिंडाला अपाय करतात, चॉकलेट विषासमान ठरते, आणि कोंबडीचे शिजलेले हाड तुटून आतड्यात रुतते. तेव्हा कुत्र्याचा वाटा फोडणी देण्यापूर्वीच वेगळा काढावा. त्यासाठी लागतो तो पैसा नव्हे, क्षणभराची आठवण.

‘माणसालाच पुरेसे मिळत नाही, तेथे कुत्र्याच्या प्रथिनांची चर्चा कशाला?’ असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात लेकरालाच अंडे मिळत नाही त्या घराला हा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण हौसेने महागडे पिलू आणून त्याला भातावर ठेवणाऱ्या घराची गोष्ट वेगळी आहे. कुत्रा पाळण्याची सक्ती कोणावरही नाही. पाळला की मात्र त्याच्या पोषणाची जबाबदारी ऐच्छिक राहत नाही.

शिवाय हा केवळ दयेचा प्रश्न नाही. अर्धपोटी कुत्रे रात्री सोडले की ते उकिरड्यावर जाते, दुसऱ्यांच्या कोंबड्यांवर जाते, आणि जंगलालगतच्या गावांतून थेट रानात शिरते. नवेगाव-नागझिऱ्याचे रान हे रानकुत्र्यांचे माहेर आहे. लस न टोचलेल्या गावकुत्र्यांतील डिस्टेंपरसारखा रोग त्यांच्यापर्यंत पोहोचला तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही; २०१८ साली गीरच्या सिंहांत याच रोगाचा विषाणू आढळला आणि वीसहून अधिक सिंह दगावले. म्हणून लसीची सुई आणि भरलेले ताट या दोन्हींचा विचार एकत्रच व्हावयास हवा.

यात शासनाने करण्याजोगे काम लहानसेच आहे. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेथील तज्ज्ञांनी पूर्व विदर्भातील धान्य, मासळी आणि भाजी यांवर आधारलेला आहाराचा एक पानी तक्ता सोप्या मराठीत तयार करावा, आणि तो प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लागावा. असा तक्ता नसेल तर सल्ला देण्याचे काम दुकानदाराकडे जाते, आणि त्याचा सल्ला अर्थातच पिशवीबंद खाद्याचा असतो. चांगल्या प्रतीचे तसे खाद्य वाईट नसते. वयाला अनुरूप आणि संपूर्ण पोषण देणारे आहे, असे वेष्टनावर लिहिले आहे की नाही तेवढे पाहून घ्यावे. परंतु ज्याला ते परवडत नाही त्याच्यापुढे नुसता भात एवढा एकच पर्याय उरू नये.

कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. तिच्यातली करुणा आपण नेमकी उचलली. तिच्यातली व्यवहारदृष्टी मात्र आपल्या नजरेतून सुटली. कोरडी भाकरी पुरेशी नाही, एवढे त्या संताला दिसले होते. आपल्या कुत्र्याला तर आता वाटी हाती घेऊन शोधत जावयाचेही कारण उरलेले नाही. आपणच बांधलेल्या साखळीच्या टोकाशी ते वाट पाहत बसलेले असते.