लष्करी कागदांच्या सूचीत उगमाला पहिले स्थान

राक्षसभुवन हे गोदाकाठचे गाव गेवराई तालुक्यात आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. पुढे सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे या परिसरातील एकाच घराण्याचा एक पूर्वज पेशव्यांच्या पथकात, दुसरा निजामाच्या फौजेत आणि तिसरा इंग्रज अधिकाऱ्यांच्या पलटणीत असणे शक्य आहे. अशा घराण्याच्या कागदांची सूची वंशावळीच्या शाखांनुसार लावण्याकडे कल असला, तरी तिचा पाया कागदाचा उगम हाच असला पाहिजे, कारण शिपायाची नोंद बहुधा पगार, घोडा किंवा इनाम यांच्या हिशेबासाठी झालेली असते आणि तो हिशेब ज्या कचेरीने ठेवला, तिच्याच दप्तरात पुढचा पुरावा सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

पेशव्यांच्या चाकरीचा माग पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराकडे नेतो. तेथील मोडी कागद रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत ठेवलेले असल्याने, सूचीत रुमालाचा क्रमांक नसेल तर तोच कागद पुन्हा हाती लागणे दुरापास्त होते. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा तो शिलेदार आणि सरकारी किंवा सरदाराच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा भेद घराण्याची आर्थिक स्थिती सुचवतो, म्हणून मूळ शब्द जसाच्या तसा उतरवावा. निजामाकडील फार्सी व उर्दू कागदांसाठी हैदराबादचे राज्य पुराभिलेखागार गाठावे लागते. तेथे शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या मोगली कागदांचाही मोठा संग्रह असून, त्यातील ‘चेहरा’ या प्रकारात स्वाराचे व त्याच्या बापाचे नाव, वर्ण, चेहऱ्यावरील व्रण, तसेच घोड्याचे वर्णन येते. बदली माणूस किंवा घोडा उभा करून पगार उचलला जाऊ नये यासाठी केलेली ही नोंद आज वंशशोधकाला बापलेकांचा दुवा पुरवते.

तिसरा माग हैदराबाद कंटिंजंटचा आहे. निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी ही फौज १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन झाली, तिच्या पायदळ पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले, १९२२ साली त्यांतून १९वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली आणि १९४५ साली तिचेच नामांतर कुमाऊँ रेजिमेंट असे झाले. या रेजिमेंटचे केंद्र आज उत्तराखंडातील राणीखेत येथे आहे. म्हणून प्रत्येक नोंदीत पलटणीचे तत्कालीन आणि आजचे अशी दोन्ही नावे द्यावीत.

तारखांबाबतही हाच दंडक पाळावा. मराठी दप्तरांतील शुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो आणि राक्षसभुवनच्या लढाईचे साल त्यात ‘अर्बा सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६४, असे येते. संस्थानाच्या अखेरच्या काळातील फसली साल ऑक्टोबरात सुरू होत असल्याने त्यात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढावा लागतो. मूळ तारीख आधी आणि रूपांतर नंतर लिहिल्यास गणितातील चूक पुढच्या अभ्यासकाला दुरुस्त करता येते. घरात सांगितली जाणारी हकिकत मोलाची असली तरी ती स्वतंत्र रकान्यात नोंदवावी, कागदाच्या मजकुरात मिसळू नये. कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, क्रमांक पेन्सिलीनेच घालावा आणि पाठीमागचे शेरे व शिक्के यांचेही छायाचित्र घ्यावे.

गेवराई परिसरातील अभ्यासकांनी येत्या वर्षभरात निदान एका घराण्याचे कागद या रीतीने सूचीबद्ध करावेत आणि घरमालकाच्या संमतीने सूचीची एक प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी, असे आवाहन आहे.