एकदा चिरलं की कायम चिरलं?

दोस्तांनो, विद्रोहाच्या पानावर बाळंतपण कशाला, असं आपल्यातल्याच एकानं विचारलं. बाळंतपणाला जात नसते म्हणाला. साल्या, पाड्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतचं अंतर कधी मोजलंस?

वाशिंदच्या वस्तीत सिझर झालेली बाई पुन्हा गरोदर राहिली की जो तो निकाल देऊन मोकळा. खाजगी डॉक्टर म्हणतो, पुन्हा चिरावंच लागेल. सासू म्हणते, आमची पोरं घरातच झाली. बाईला कुणी विचारत नाही.

एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, हे वाक्य अमेरिकेतल्या क्रेगिन नावाच्या डॉक्टरचं. साल १९१६. तेव्हा पिशवी उभी चिरत. आता बहुतेक वेळा खालच्या भागात आडवी चिरतात. तसा एकच छेद असेल, दुसरी अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ६० ते ८० बाया नॉर्मल बाळंत होतात. जुना व्रण उसवतो तो साधारण २०० त एकीचा. पण उसवला तर हिशेब मिनिटांचा. टेबल, भूल देणारा, रक्त, सगळं एकाच छपराखाली पाहिजे. आणि दरवेळी चिरत राहिलं तर वार जुन्या व्रणात रुतायचा धोका वाढत जातो, तेही कुणी सांगत नाही.

म्हणजे बघा, न चिरता बाळंत व्हायला चिरायची सोय जवळ लागते. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर ती कुठाय? प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझर होत नाही. पुढं भूलतज्ज्ञ नसला की त्याच्याही पुढची चिठ्ठी. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मोखाड्याच्या मर्कटवाडीत, सातव्या महिन्यातली जुळी गेली आणि रक्त जाणाऱ्या आईला झोळीतनं डोंगर उतरवावा लागला. भातसा-तानसाचं पाणी मात्र न अडखळता मुंबईच्या नळात पोचतं.

२०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत शंभरात ४७ बाळंतपणं सिझरची, सरकारीत १४. एकीकडं सुरी थांबत नाही, दुसरीकडं मिळत नाही.

बाबासाहेब १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतीभत्त्याच्या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. वीटभट्टीवरच्या बाईपर्यंत ते अजून आलेलं नाही.

माझ्या बहिणीचं कार्ड मी उलटसुलट वाचलं. पिशवीवर छेद कुठला, कशासाठी, काही नाही. गोदीत खोक्यावरसुद्धा लिहिलेलं असतं, कुठली बाजू वर, कुठं हूक लावायचा नाही. कातडीवरचा व्रण आडवा म्हणून आतलाही आडवाच असं धरता येत नाही. आणि तेवढ्या एका ओळीवाचून पुढचा डॉक्टर धोका घ्यायला तयार होत नाही.

तर येत्या रविवारपासून वस्तीत फिरायचं. सिझर झालेल्या प्रत्येकीचं कार्ड बघायचं. छेदाची नोंद नसेल तर जिथं चिरलं तिथं जाऊन लेखी मागायची. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझर, रक्त, गाडी फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. आणि तालुक्याला रात्री भूल देणारा कोण, त्याचं नाव दारावर लावा, ही मागणी घेऊन आपण सगळे जाणार आहोत. पोरींनी पुढं राहायचं.