परांचीवरचा माणूस कुणाचा?

गेल्या उन्हाळ्यात म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी मामूंच्या घराचं काम चालू होतं. मामू कुवेतला. दर महिन्याला पैसे येतात, इथून फोटो जातात आणि काम ठेकेदार करतो. आपल्या किनाऱ्यावरची निम्मी घरं अशीच उभी राहिली आहेत. दुसऱ्या मजल्याला बाहेरून गिलावा चालू होता. काथ्याने बांधलेली बांबूची परांची, तिला कठडा नाही, उभं राहायला एकच फळी. त्या फळीवरून एक बिगारी खाली आला. मुर्शिदाबादचा पोरगा, वीस-बावीस वर्षांचा. खाली रेतीचा ढीग होता म्हणून वाचला. मनगट मोडलं, बरगड्यांना मार लागला. आम्ही त्याला माणगावला नेलं.

रात्री मामूंचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काम किती दिवस थांबेल?" दुसरा प्रश्न होता, "त्याचा खर्च ठेकेदार करेल ना?" ठेकेदाराने पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि पोरगा गावी गेला. त्याचं पुढे काय झालं हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही.

मामू वाईट माणूस नाहीत. गावात कुणाचं ऑपरेशन असलं की पहिले पैसे त्यांचे येतात. शिवाय ते स्वतः कुवेतला बांधकाम कंपनीत फोरमन आहेत. तिथे हेल्मेट नसेल तर गेटमधून आत सोडत नाहीत. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उन्हात काम करायला बंदी असते. उंचीवर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा आहे की नाही, हे बघणं मामूंच्याच कामाचा भाग आहे. तरी त्यांच्या स्वतःच्या घराच्या परांचीवर पट्टा नव्हता आणि हेल्मेट नव्हतं. आणि मी? गावी "कामावर लक्ष ठेवायला" थांबलेला मीच होतो. ती एक फळी मी आठ दिवस बघत होतो. त्या आठ दिवसांत मी टाइल्सच्या रंगावरून ठेकेदाराशी दोनदा भांडलो, फळीबद्दल एक शब्द काढला नाही.

हा लेख त्या आठ दिवसांबद्दल आहे.

बांधकामातली सुरक्षितता म्हटलं की आपल्याला मोठे प्रकल्प आठवतात: विमानतळ, बंदर, महामार्ग, उंच टॉवर. तिथे निदान बोर्ड लावलेला असतो, कागदावर का होईना सुरक्षा अधिकारी असतो. आपल्या गावातलं दोन मजली घर, मशिदीचा वाढवलेला मजला, मदरशाची नवी खोली, वादळात उडालेले पत्रे पुन्हा बसवणं, या कामांना आपण बांधकाम म्हणतच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर कित्येक आठवडे श्रीवर्धन-मुरूडकडे घराघरांवर माणसं चढलेली दिसत होती. पाय घसरणारी कौलं, ओले पत्रे, बाजूला लोंबणाऱ्या तारा, आणि वर चढलेल्याच्या कमरेला साधी दोरीही नाही. आपण खालून सांगत होतो, "सांभाळून रे!" आपली सुरक्षिततेची व्यवस्था एवढीच होती.

त्याच वर्षी २४ ऑगस्टला महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. चार वर्षांचा एक मुलगा जवळपास १९ तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, तेव्हा सगळा महाराष्ट्र टीव्हीसमोर रडला. इमारत जेमतेम १० वर्षांची होती. ज्या मातीत शंभर-शंभर वर्षांची चिऱ्याची घरं पावसाळे झेलत उभी आहेत, तिथे सिमेंट आणि सळ्यांची इमारत दहा वर्षांत बसली.

तेव्हा आमच्या घरी आलेल्या एका बुजुर्गांनी "अल्लाहची मर्जी" म्हणून विषय संपवला. मृतांच्या घरच्यांनी हे शब्द धीरासाठी उच्चारले तर त्यांचा मान ठेवावा. पण आपण बाकीचे तेच शब्द चौकशी टाळायला वापरतो. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. महाडला उंट कुणी बांधला नव्हता, हा प्रश्न माणसांनाच विचारायचा होता.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो पाच जणांवर: बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेतले दोघे. कोण दोषी ते न्यायालय ठरवील. मला त्या यादीतले हुद्दे महत्त्वाचे वाटतात. पैसा लावणारा, नकाशा काढणारा, सळ्या-सिमेंटचा हिशेब करणारा आणि परवानगी देऊन तपासणी करणारे. इमारत पडू शकते ती या प्रत्येक टेबलावर, आणि यातल्या कुणीही एकाने हात वर केला तर ती थांबू शकते. २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत विकासकावर टाकली आहे. हे चांगलं झालं, पण दहाव्या वर्षी पडणाऱ्या इमारतीला हा हिशेब पुरत नाही. पाया खणताना जे घडतं, ते नंतर कुठल्याही कायद्याने पूर्ण दुरुस्त होत नाही.

कुणी म्हणेल, इमारत पडणं वेगळं आणि मजूर पडणं वेगळं. मला तसं वाटत नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असतानाच सात मजली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जण दगावले. त्यात ती इमारत बांधणारे मजूर होते, त्यांची मुलंबाळं होती आणि स्वस्तात मिळतंय म्हणून अर्धवट घरात राहायला आलेली कुटुंबंही होती. वरवर चढत जाणाऱ्या मजल्यांची घाई या सगळ्यांच्या वाट्याला एकाच वेळी आली. जो ठेकेदार परांचीला दुसरी फळी टाकत नाही, तोच स्लॅबखालचे टेकू लवकर काढतो, तोच खाडीची खारट रेती न धुता वापरतो. त्या रेतीतलं मीठ सळ्यांना आतून गंज चढवतं. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि एक दिवस पोपडे पडायला लागतात. आज मजुराचा जीव वाचवायला जो कंटाळा करतो, तो उद्या राहणाऱ्यांच्या जिवाचाही करणार.

म्हणूनच मालक काय करतो याला महत्त्व आहे. ठेकेदार काम करतो, पण तीन गोष्टी मालक ठरवतो: पैसा किती, वेळ किती आणि माणूस कोणता. "सर्वांत कमी भाव कुणाचा?" असं विचारून आपण काम देतो, तेव्हा परांचीची दुसरी फळी आपणच कापलेली असते. "रमजानच्या आधी स्लॅब झालाच पाहिजे, मामू ईदला येतायत" असं म्हणतो, तेव्हा टेकू लवकर काढायचा हुकूमही आपलाच असतो. भारतीय मानक ४५६ सांगतं, की साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावेत. बीमचा गाळा ६ मीटरपेक्षा मोठा असेल तर २१ दिवस. हे आकडे आपल्या विमानाच्या तिकिटाची तारीख बघून बदलत नाहीत.

ब्रिटनमध्ये २०१५ पासून लागू असलेले बांधकाम नियम मालकाला हेच सांगतात: कामाला पुरेसा वेळ आणि पुरेशी साधनं द्या. तिथे कुणी स्वतःच्या घराचं काम काढलं तर ही जबाबदारी साधारणपणे ठेकेदाराकडे जाते. पण ती कुणाकडे तरी जातेच, अधांतरी राहत नाही.

आपल्याकडे काय? १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामांना लागू होता. सतत आणि पुरेशी देखरेख ठेवणं आणि अपघात टाळण्यासाठी शक्य ती सगळी पावलं उचलणं, ही नियोक्त्याची जबाबदारी असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. स्वतःच्या राहत्या घराचं काम १० लाखांपर्यंतचं असेल तर मात्र मालकाला सूट होती. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही सूट ५० लाखांपर्यंत गेली आहे. म्हणजे आखातातल्या पैशातून उभी राहणारी आपल्या गावातली बहुतेक घरं तिच्या चौकटीबाहेर राहतात. कामगारांसाठीचा उपकरही त्यांच्यावर नाही. जो उपकर जमा होतो त्याची गोष्टही फार सुखाची नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं, की देशभरात ३७ हजार कोटींहून जास्त उपकर जमा झाला आणि कामगारांवर खर्च झाले ते साडेनऊ हजार कोटींच्या आसपास.

कायद्याने सूट दिली म्हणून परांचीवरून पडणाऱ्याची हाडं कमी मोडत नाहीत. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण जुम्याला ऐकतो आणि त्यावर मान डोलावतो. तो घाम गाळणारा माणूस संध्याकाळी जिवंत आणि धडधाकट परत जावा, हा त्याच शिकवणीचा अर्धा भाग आहे, असं मी मानतो.

"परवडत नाही" हे उत्तर मला ठाऊक आहे. छोटा ठेकेदार खरोखरच अडचणीत असतो. त्याला भाव कमी मिळतो, हप्ता उशिरा मिळतो, माणसं टिकत नाहीत. पण मग तो खर्च मालकाने वेगळा काढून द्यावा. मुख्य दरवाजाच्या नक्षीवर, गेटवरच्या दिव्यांवर आपण जे उडवतो, त्यातच हेल्मेट, पट्टे, दोर आणि लोखंडी परांचीचं भाडं निघतं.

आणि जिथे मालक एकटा नसतो, तिथे जमात असते. कोकणात बहुतेक गावांत लग्नासाठी जमातीच्या देगा असतात, ताटं असतात. ज्याच्या घरी कार्य असेल तो नेतो आणि धुऊन परत करतो. त्याच खोलीत दहा हेल्मेट, चार सेफ्टी बेल्ट आणि दोन चांगले दोर का असू नयेत? ज्याच्या घराचं काम, त्याने न्यावेत आणि काम संपल्यावर आणून द्यावेत. मशिदीच्या मिनाराचं काम निघेल तेव्हा ट्रस्टींनी पहिला नियम स्वतःला लावावा. चंदा देणाऱ्यांपैकी कुणालाही आपल्या पैशाने एखादी बाई विधवा झालेली नको असते.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकजण घरातले पहिले शिकलेले आहेत. काका-मामू परदेशात आणि कामावर लक्ष तुमचं, असं कितीतरी घरांत चालतं. म्हणून तुम्हालाच सांगतो. ठेकेदाराशी साध्या कागदावर करार करा. परांची, हेल्मेट आणि पट्टा कोण देणार, अपघात झाला तर दवाखाना आणि भरपाई कुणाकडे, हे भावाच्या वरच्या ओळीत लिहा. इंजिनिअरची सही नकाशापुरती घेऊ नका. स्लॅब भरण्याआधी सळ्या बघायला त्याला बोलवा आणि त्याचे पैसे द्या. वीज मंडळाची तार घराजवळून जात असेल तर लांब सळ्या वर चढवायच्या आधी वायरमनशी बोला. मजुरांची नावं आणि घरचा एक फोन नंबर वहीत लिहून ठेवा. त्यांना नुसतं "ए बंगाली" म्हणून हाक मारू नका. ज्यांनी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलं आहे, त्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते. नोंदणी असेल आणि कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख रुपये मिळतात. ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदार सही टाळतो, तेव्हा त्याला सही करायला लावण्याची ताकद पुढचा हप्ता हातात असलेल्या मालकाकडेच असते.

आणि काम थांबवायला शिका. मला तेवढंच करायचं होतं. आठ दिवसांपैकी कुठल्याही एका सकाळी खाली उभं राहून म्हणायचं होतं, "दुसरी फळी येईपर्यंत कुणी वर चढायचं नाही." ठेकेदार चिडला असता, अर्धा दिवस गेला असता, मामूंनी फोनवर दोन शब्द सुनावले असते. त्या पोराचं मनगट शाबूत राहिलं असतं.

मामूंचं घर आता पूर्ण झालंय. ईदला सगळे जमलो होतो. गच्चीवरून खाडी दिसते, वारा छान येतो. मी मामूंना त्या पोराबद्दल विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "त्याचं नाव काय होतं रे?" मलाही सांगता आलं नाही.