निजामाचं विमान, आपला शेतसारा

माझ्या वर्गातल्या एका मुलाला जुन्या लढाऊ विमानांचं वेड आहे. ईदीचे पैसे साठवून तो प्लॅस्टिकचे किट मागवतो आणि रात्र रात्र जागून ते जोडतो. परवा त्याने १:७२ प्रमाणातलं स्पिटफायर वर्गात आणलं. पंखांची लांबी जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर, अंगावर 'यूएम' ही अक्षरं. म्हणाला, "सर, ये अपने निजाम का है!" शिक्षकांच्या खोलीत मी हे कौतुकाने सांगितलं, तर एक सहकारी हसत म्हणाले, "निजामाचं विमान वर्गात कशाला, सर?"

दोघांनाही उत्तर द्यायला हवं, असं मला वाटलं.

मुलगा चुकीचं बोलला नव्हता. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या १५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला 'हैदराबाद' हे नाव होतं. तिचं ब्रीद होतं 'फेथफुल अलाय', म्हणजेच निजामाला इंग्रजांनी दिलेला 'यार-ए-वफादार' हा किताब. त्याआधी पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खान यांनी ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला डीएच-९ए बॉम्बफेकी विमानं भेट दिली. त्यातलं एफ-१०१० हे विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं. जर्मनी, मग पोलंड असं फिरून ते १९७७ साली अदलाबदलीत ब्रिटनला परतलं आणि आज तिथल्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. ते निजामाची भेट आहे, हे विमानावरच लिहिलेलं आहे.

त्या मजकुरात एकच नाव आहे. पण तेव्हा आपलं औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होतं. पैसा दिवाणीचा असो की सर्फ-ए-खासचा, तो शेवटी रयतेकडूनच यायचा. त्या रयतेत मराठवाड्याचा कुणबी होता, तसाच कसणारा मुसलमानही होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

अभिमानाने छाती फुगवणाऱ्या माझ्या बांधवांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही भेट दिली गेली तेव्हा इंग्रज तुर्कस्तानच्या खलिफाशी लढत होते. ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे बॉम्ब फ्रँकफर्टसारख्या शहरांवर पडले. पुढे १९२० च्या दशकात याच जातीच्या विमानांनी इराकमधल्या गावांवर बॉम्ब टाकले. ती विमानं निजामाची नव्हती, पण साम्राज्य तेच होतं. वफादारी कोणाशी, हा प्रश्न त्या किताबातच दडलेला आहे.

आणि निजामाचं नाव घेताच अस्वस्थ होणाऱ्यांनीही थोडं थांबावं. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन मीही मनापासून साजरा करतो. पण त्याआधीचा इतिहास पुसून टाकला, तर मुक्ती कशातून मिळाली हे मुलांना कसं कळणार? त्याच हैदराबादेत १९२३ साली जन्मलेले इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ भारताचे हवाईदलप्रमुख होते आणि नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. हैदराबादचा वारसा म्हणजे केवळ निजाम नव्हे.

म्हणून मी त्या मुलाला छंद सोडायला सांगितलं नाही. प्रत्येक मॉडेलशेजारी एक पुठ्ठा ठेव, एवढंच सांगितलं. त्यावर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची: विमान कोणी बनवलं, कोणी उडवलं, पैसे कोणी दिले आणि खाली जमिनीवर कोण होतं?

तीन उत्तरं त्याने लगेच लिहिली. चौथ्यासाठी तो दोन दिवस ग्रंथालयात बसला. आता त्याला मिग-२१ बनवायचं आहे, नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालेलं. तिथेही हेच चार प्रश्न विचारायचे, असं आमचं ठरलं आहे. विमान आपल्या देशाचं आहे म्हणून चौथा प्रश्न गाळायचा नाही.